बंबातला घट

मालनबाईच्या पोरानं रॉकेट बनवलं होतं, पण त्याला रॉकेट म्हणणारी माणसं अख्ख्या शिवारात दोनच. एक तिचा भारत आणि दुसरा त्याचा दोस्त दिनेश. बाकी सगळे त्याला बंब म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. टाकीत पाणी भरायचं, खाली जाळ घालायचा, वाफ कोंडली की दोरी ओढून मागचं तोंड उघडायचं. न्हाणीतल्या बंबात आणि यात फरक एवढाच, की या बंबाच्या पुढच्या अंगाला खुर्ची होती आणि त्या खुर्चीत भारत बसणार होता.

भारत अंबडच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. वाफेशी त्याची रोजची ओळख, त्यामुळं त्याला सरळ येडा म्हणायची सोय नव्हती. दिनेशला मात्र खुशाल म्हणावं. तीन वर्षांपूर्वी त्यानं राजदूत फटफटी भरधाव आणून शिवेच्या नाल्यावरून उडी मारली होती. गाडी पल्याड पोचली, दिनेश अल्याडच राहिला. तेव्हापासून त्याचा डावा खांदा उतरलेला, पण खोड काही उतरली नव्हती. मग एकदा पंचवटीतल्या हॉटेलात चहा पिताना दोघांनी केबलवर पाहिलं, की परदेशात माणसं घरी बनवलेल्या रॉकेटात बसून उडतात. त्यातली काही हाडं मोडून घेतात आणि काही परतच येत नाहीत, हेही दाखवलं होतं. शहाण्या माणसानं ते शेवटचं ऐकलं असतं. यांनी पहिलं तेवढं ऐकलं.

ठरलं असं, की अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला उडायचं. मखमलाबादच्या पुढं त्यांचे फुलांचे आणि भाजीचे मळे. तिथली माणसं दसऱ्याला नाला ओलांडून शिवेबाहेर जात आणि आपट्याची पानं घेऊन परतत. सगळं गाव पायी सीमोल्लंघन करतं, भारत आभाळातून करणार. दिनेशचा खांदा असा, म्हणून खुर्ची भारतच्या वाट्याला आली.

मालनबाईला आधी हसूच आलं होतं. पण श्रावणात पोरांनी बंब उडवून पाहिला. खुर्चीत वाळूचं पोतं बांधलं, आणि दिनेशनं गंमत म्हणून त्या पोत्याला भारतचा जुना निळा सदरा घातला. बंब सुटला तो सरळ जायचा सोडून आडवा वळला आणि शेजारच्या द्राक्षाच्या मांडवात घुसला. पोतं फाटलं. सगळी वाळू वेलींखाली सांडली आणि निळा सदरा तारेवर लोंबत राहिला. दिनेश म्हणाला, मागचे पंख वाकडे बसलेत, सरळ केले की झालं. भारत तारेवरच्या सदऱ्याकडंच बघत होता. मालनबाईनं तो सदरा तारेवरून काढला, धुतला आणि घडी करून ट्रंकेत घातला. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

ती नवऱ्याकडं गेली. सावळीराम झेंडूच्या वाफ्यात तण काढत होता.

"अहो, पोराला काही सांगा."

"काय सांगू? तो काय आता लहान हाय? दाव्याला बांधू का?"

"बांधा की."

"त्यापरीस त्या बंबालाच बांधून ठेव," सावळीराम म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

तो वैतागून बोलला होता, पण मालनबाईच्या डोक्यात तेवढं वाक्य बसलं. पोरगं ऐकत नाही, नवरा हात झटकतो. मग तिनं मधे देवीलाच घातली.

घटस्थापनेच्या सकाळी भारत आणि दिनेश शेडमधे आले आणि दारातच थबकले. बंबाच्या खुर्चीत परडी होती, परडीत वावरातली काळी माती, मातीत गहू पेरलेले, त्यावर पाण्याचा घट, घटावर विड्याची पानं आणि नारळ. वरच्या दांडीला झेंडूची पहिली माळ सोडलेली. शेजारी समई तेवत होती आणि समईशेजारी मालनबाई मांडी घालून बसली होती.

"काकू, हे काय?" दिनेश म्हणाला. "देव्हारा सोडून इथं?"

"सपनात आली होती. म्हणली, यंदा मला पोराच्या खुर्चीत बसव."

स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं. देवीच्या नावानं खोटं बोलताना तिची जीभ जड झाली, पण बोलली. बसलेला घट नऊ दिवस जागचा हलवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि याच नऊ दिवसांत पोरांना पंख सरळ करून बंब आणखी दोनदा उडवून बघायचा होता, हे तिला माहीत होतं. उडवून न बघता पोरं दसऱ्याला त्यात बसणार नाहीत, असा तिचा हिशेब होता.

दिनेशनं डोकं खाजवलं. "पाया पडून उचलू आन् त्या पत्र्यावर ठेवू. देवी काय रागावती का?"

"घट हलवत नाहीत, दिन्या," भारत म्हणाला.

"मग पंखांचं काय?"

"पंख मागं हायेत. खुर्ची न हलवता करू. पण उडवायचं नाय आता."

मालनबाईनं मनात देवीला नमस्कार केला आणि खोट्याची माफी मागितली. पोरगं तंटा करील, आदळआपट करील असं तिला वाटलं होतं. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि आत येऊन समईत तेल घातलं.

ते नऊ दिवस मालनबाईला फार गोड गेले, हे तिनं नंतरही कबूल केलं. दसऱ्याचा झेंडू तोडणीला आलेला, वाड्यावस्त्यांतल्या बाया वावरात राबत होत्या आणि ही शेडमधे बसून माळा ओवत होती. सावळीरामानं बायकोच्या नावानं बोटं मोडली, पण नवरात्रात जास्त बोलता येईना. भारत पाळीवरून आला की थेट शेडमधे यायचा, आईच्या हातचं तिथंच जेवायचा, आणि कानशीनं पंखांच्या कडा घासता घासता तिला समजावून सांगायचा. हा काटा वाफेचा जोर दाखवतो. हा पट्टा कमरेचा. ही छत्री, वर गेल्यावर आपोआप उघडणार. तिला निम्मं कळायचं, पण ती ऐकायची. लहानपणी तो असाच शाळेतून येऊन बोलत सुटायचा. मधे कितीतरी वर्षं तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता. घटात गहू तरारून वर आले होते, पिवळे आणि लुसलुशीत, आणि रोज माळ वाढत होती. आपण पोराला फसवतोय याचं तिला वाईट वाटायचं. पण ते वाईट वाटणं तिला परवडत होतं.

मात्र घट कधीतरी उठतोच. दसऱ्याच्या दिवशी तिनं अक्षता वाहिल्या, घट हलवला, गव्हाचे तुरे सावळीरामाच्या टोपीत खोवले, दिनेशच्या कानावर ठेवले, भारतच्या कानावर ठेवले. आता तिच्याकडं दुसरी युक्ती नव्हती.

दुपार कलल्यावर ट्रॅक्टरनं बंब नाल्याकाठी आणला. तिरप्या लोखंडी रुळांवर चढवला, खाली जाळ घातला. बघायला सगळा मळा लोटला होता. बाया नव्या लुगड्यांत, पोरं झाडांवर. शेजारची नवसाबाई तर पाटावर बसावं तशी दगडावर ऐसपैस बसली होती. काटा वर चढायला लागला, टाकी कुरकुरायला लागली. दिनेश दोरी हातात घेऊन ओरडला, "भारत, चल बस!"

भारत हेल्मेटचा पट्टा आवळत होता. पट्टा काही केल्या लागेना. त्यानं तो सोडला आणि पुन्हा आवळायला घेतला.

मालनबाईला त्या क्षणी निळा सदरा दिसला. पुढं तिनं काय केलं ते ठरवून केलं नाही. लुगड्याचा ओचा खोचला, रुळावर पाय दिला आणि ती खुर्चीत जाऊन बसली.

 एकदम हशा पिकला.

"काकू, उतरा! वाफ भरलीय!"

"मी नाय उतरणार. आधी मी जाते शिवेपल्याड, मग त्याला पाठवा."

"मालन, विमानात मळमळंल, सुपारी घे गं," नवसाबाई ओरडली आणि लोक पोट धरून हसले. सावळीराम खाली मान घालून उभा राहिला. खुर्चीचा पत्रा तापला होता, मालनबाईला चटके बसत होते. तिनं दोन्ही बाजूचे दांडे घट्ट धरले. आयुष्यभर चार माणसांत डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई सगळ्या गावासमोर तमाशा करून बसली होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिला फक्त काटा दिसत होता.

भारत पुढं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो संतापलाय, असं तिला वाटलं.

"उतर आई. नाय बसत मी."

"माझी शपथ घे."

सगळ्यांदेखत त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ. नाय बसत. उतर आधी."

तो तिला हाताला धरून खाली उतरवत होता तोवर दिनेशचं डोकं फिरलं. रूळ दाबायला आणलेलं वाळूचं पोतं त्यानं एका खांद्यावर ओढलं, खुर्चीत टाकलं आणि पट्टा आवळला. "माणूस नाय तर पोतं," तो म्हणाला. "वर्षभराची मेहनत हाय, वाया नाय जाऊ देणार." सगळ्यांना मागं हटवून त्यानं दोरी ओढली.

असा आवाज त्या शिवारानं कधी ऐकला नव्हता. पांढऱ्या वाफेनं नाला भरून गेला. आणि त्या वाफेतून बंब सरळ, अगदी ओळंब्यात धरल्यासारखा सरळ, वर चढला. नाला मागं पडला, पल्याडच्या बाभळी खाली राहिल्या. वर जरासा थांबल्यासारखा झाला, छत्री उघडली, आणि तो डुलत डुलत शेजारगावच्या जयरामच्या कापलेल्या बाजरीच्या वावरात उतरला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या आणि मालनबाईवर येऊन थांबल्या.

"पोराचं नाव झालं असतं गं," नवसाबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तू लाथाडलंस."

 देवीच्या नावानं खोटं बोलून, गावासमोर येड्यासारखं वागून मालनबाईनं जे वाचवलं, त्याला मुळात धोकाच नव्हता. तिनं पोराच्या तोंडचा घास काढला होता. दिनेश बंब परत आणायला ट्रॅक्टर घेऊन लांबच्या फरशी पुलावरून निघाला. भारत पायीच नाल्यात उतरला, आणि ती त्याच्यामागं चालू लागली. त्यानं तिला नको म्हटलं नाही, तिच्यासाठी थांबलाही नाही.

वावरात बंब एका अंगावर जरासा कलला होता. टाकी अजून सुसकारत होती. खुर्चीत पोतं जसंच्या तसं, पट्ट्यात घट्ट. त्यातून वाळूचा कण सांडला नव्हता.

मालनबाईनं विचारलंच. विचारल्याशिवाय तिला जगता आलं नसतं. "तू असतास तर?"

"पोचलो असतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माफ कर रे."

भारत पोत्याकडं बघत राहिला. मग खाली ढेकळांत बसला आणि हेल्मेट काढून बाजूला ठेवलं.

"बसलो असतो तर पोचलो असतो," तो म्हणाला. "पण मी बसलोच नसतो, आई. हेल्मेटचा पट्टा लागत होता. मीच लावत नव्हतो. तू घट बसवलास ना, तेव्हाच मला बरं वाटलं होतं. सपन खोटं हाय हे बी कळलं होतं मला. नऊ दिवस म्हणलं, सुटलो. आज काय करणार होतो? एवढ्या लोकांसमोर उलटा पळालो असतो का? तू जाऊन बसलीस, म्हणून कुणाला कळलं नाय."

 पोरगं वाचावं म्हणून मालनबाईनं एवढं केलं होतं, आणि आता त्याची ही खाली घातलेली मान तिला बघवत नव्हती. ती त्याच्याशेजारी बसली.  तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन पदराखाली झाकला.

"भिणाऱ्याची आई रडत नाय म्हणत्यात," ती म्हणाली.

"रडतीयस की."

"ते वाफेनं."

तो जरा हसला. "दिन्याला सांगू नको. त्याला लय वाईट वाटंल."

ट्रॅक्टरची फटफट जवळ आली. बाभळींच्या आडून दिनेशचं डोकं दिसलं, मागं ट्रॉलीत नवसाबाई आणि आणखी पाच-सहाजण. मालनबाईनं हात सोडला, डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग पार नाल्यापल्याड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"पाया पड नायतर काहीबी कर! मी जिती हाय तोवर तुला त्यात बसू देणार नाय म्हंजे नाय!"