पारा उतरला त्या वर्षी

मित्रांनो, रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे मी. लाकडी पेटी, काचेची उभी नळी, तिच्या तळाशी पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. मुंबईच्या एका कारखान्यात माझ्यावर आकडे कोरले गेले. १९५७ साली डॉक्टर कमलाकांतांनी मला अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या दवाखान्यात आणले. तिथे रक्तदाबाचेच रोगी येत. लोक त्यांना 'दाबाचे डॉक्टर' म्हणत.

एकदा नत्थुजी आपल्या बायकोला, सुंदराबाईंना घेऊन आले. त्या कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात मजुरी करत. नाकातून रक्त थांबत नव्हते. पट्टा आवळताच त्या ओरडल्या, "अवो डॉक्टरसाहेब, हात तोडता का काय माहा?"

सारा दवाखाना हसला. माझा पारा दोनशेवीसवर होता, म्हणून डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

"बाई, असंच राहिलं तर लकवा मारेल," ते म्हणाले. त्यांनी मीठ कमी करायला सांगितले आणि सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. तेव्हा त्या गोळ्यांचे मोठे नाव होते.

पारा उतरत गेला. दिवाळीपर्यंत एकशेचाळीसवर आला. अमरावतीहून आलेल्या एका डॉक्टरांना कमलाकांतांनी मुद्दाम माझी नळी दाखवली. मलाही बरे वाटले. सुंदराबाई मात्र आता पट्टा आवळला तरी गप्प बसत.

नत्थुजी म्हणाले, "साहेब, बाई आता बोलतच नाई. आमच्या मैनाचं लगन झालं, पोरगी वलगावले गेली. सारे रडले. ही नुसती पाहून राहिली."

"वय झालं की माणूस शांत होतो, नत्थुजी. आकडा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. गोळ्या त्याच राहिल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी पट्टा बांधलेला असताना सुंदराबाई बोलल्या. घरातले तेल संपले हे सांगावे, तशा आवाजात.

"काल विहिरीच्या काठावर उभी होती, साहेब. वाटलं, पडलं तरी काय अन् नाई पडलं तरी काय. भेव बी वाटलं नाई. मले काईच वाटत नाई."

डॉक्टरांच्या मुठीत फुगा तसाच राहिला. हवा निघून गेली, पारा तळाला गेला. माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

"हे कधीपासून, बाई?"

"तुमच्या गोळ्या सुरू झाल्या तवापासून."

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "चूक माझी आहे. या गोळ्या कधी कधी मनही विझवतात, मी विचारायला हवं होतं." त्यांनी नत्थुजींना आत बोलावले, बाईंना क्षणभरही एकटे सोडू नका म्हणून बजावले आणि त्या गोळ्या बंद केल्या. मुंबईहून लघवीवाटे पाणी काढून दाब उतरवणारे एक नवे औषध मागवले. ते येईपर्यंत पारा दोनशेच्या जवळ गेला, मग एकशेसत्तरच्या आसपास रेंगाळला. सुंदराबाई कितीतरी आठवडे तशाच, भिंतीकडे बघत बसायच्या.

पुढे मैना बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला घेऊन ती आईबरोबर दवाखान्यात आली होती. स्टुलावर बसल्या बसल्या सुंदराबाईंना एकाएकी रडू फुटले. नत्थुजी घाबरले. "दाब वाढन ना, साहेब?"

"वाढू द्या थोडा." डॉक्टरांनी हातातला पट्टा पेटीत ठेवला आणि माझे झाकण लावले. अंधारात मला सुंदराबाईंचा आवाज आला, "अवो, रडून रडून पदर भिजला माहा, तुमचा दुपट्टा द्या ना! नुसते पायत काय बसले?"

आता माझी नळी काळवंडली आहे. रबर चिरले आहे. मी कपाटावर पडून असते, त्याचे फारसे काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला रक्तदाबाचा आजार असेल, तर औषध वेळेवर द्या, आपल्या मनाने बंद करू नका. आकडा पाहून झाला की त्यांना विचारा, "आज कसं वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसून राहा.