आमच्या घरी नियम नाहीत

फिटिंगताईंचं कपडे कमी-जास्त करून द्यायचं छोटं दुकान होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी हौसेने त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात समाजशास्त्राला नाव घातलं आणि पहिल्याच महिन्यात स्वतःच्या तोंडाने स्वतःला अडकवून घेतलं.

झालं असं, की वर्गात चर्चा निघाली ती कुठे लिहून न ठेवलेल्या, तरी सगळे मुकाट पाळतात त्या नियमांची. विशी-बाविशीतली मुलं आपापल्या घरच्या तक्रारी सांगत होती. ताईंनी हात वर केला. गिऱ्हाइकांशी बोलून आवाज मोठा झालेला, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"आमच्या घरी असलं काही नाही. ज्याला जे करायचं ते करतो. मी मुळात नियम मानणारी बाईच नाही."

"काकू, जबरदस्त!" कुणीतरी ओरडलं. 'काकू' टोचलं, पण 'जबरदस्त' आवडलं.

त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मॅडम गोड हसल्या. "असं घर मी अजून पाहिलं नाही. आठवडाभर निरीक्षण करा आणि लिहून आणा."

ताई वही घेऊन कामाला लागल्या. मुद्दाम नवऱ्याच्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तो आला, त्यांच्याकडे पाहिलं आणि पेपर घेऊन पलंगावर गेला. सासूबाईंच्या पेल्यातून पाणी प्यायल्या, तर त्या म्हणाल्या, "पी की, पाणीच आहे." ताईंनी ऐटीत लिहिलं: 'नियम आढळला नाही.'

शुक्रवारी स्वयंपाकघरात असताना त्यांना करकर आवाज आला. लेक शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठा कापत होती, तोही त्यांच्या कापडाच्या कात्रीने.

"कापडाची कात्री! पुठ्ठ्याला! धार जाते, किती वेळा सांगितलंय?" एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. पलंगावरचा ओला टॉवेल निघाला, भलत्या खणात गेलेले चमचे निघाले. काय झालं बघायला आलेल्या नवऱ्यालाही ओल्या पायांवरून बोलणी बसली.

ताई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "हे वहीत लिहिलंस का गं?"

"काय?"

"हेच की. नियम."

लेकीने वही ओढली. "आजी, तू सांग. मी लिहिते."

अर्ध्या तासात एकतीस नियम झाले. पाढे म्हणावेत तसे तिघं म्हणत होते. एरवी चार शब्द न बोलणाऱ्या नवऱ्याने एकट्याने सात सांगितले. बाविसावा असा होता: 'आई चुकली तर ते आईनेच सांगायचं.' कुणाच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

"इतकं लक्षात आहे तुमच्या?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"राहायचंय ना या घरात."

"मग खुर्चीत बसले तेव्हा का नाही बोललात?"

"चौदावा नियम," लेक म्हणाली. "आई अभ्यास करत असेल तर तिच्याशी बोलायचं नाही."

सोमवारी कॉलेजला जाताना ते पान फाडून टाकावं, असं ताईंच्या मनात दोनदा येऊन गेलं. पण वर्गात उभ्या राहून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बाविसाव्याला वर्ग खदखदून हसला. कान तापलेले असतानाच ताईंनाही हसू फुटलं आणि पुढचा नियम वाचायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

"संस्कृती म्हणजे दुसऱ्यांच्या घरात असते ती, असं मला वाटत होतं," त्या खाली बसताना म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, "उद्यापासून पहिले दहा नियम रद्द."

नवरा आणि लेक एकमेकांकडे बघू लागले.

"रद्द झालेले पाळले तर चालेल का?" सासूबाईंनी विचारलं. "आता सवय झालीये गं."

ताईंनी हा प्रश्नही वहीत जसाच्या तसा लिहून मॅडमना दिला. दहापैकी साडेसहा गुण मिळाले, आणि खाली मॅडमचा शेरा होता: 'निरीक्षण उत्तम, पण फार उशिरा.'