शीलाची वीत

यशोधराच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला, तेव्हा तिने आधी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. पंचवीस वर्षं जाड गोधड्यांमधून सुई ओढणारा अंगठा, कधीतरी कुरकुरणारच. पण त्या थंडीत त्याने ताणायचंच सोडलं. चहाचा कप उचलला तरी कळ कोपरापर्यंत जायची. अंबरनाथच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "बाई, सुई सोडा, नाहीतर अंगठा सोडा." इतक्या सहज सांगितलं, की जणू दोन्ही वस्तू ती घरी जाताना वाटेत ठेवून देणार होती.

सुई सोडायची म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुठून कळणार? यशोधराच्या गोधड्या बदलापूरपर्यंत बाळंतिणींच्या घरी जात होत्या. आणि त्याहून मोठी गोष्ट पलंगाखाली गुंडाळून पडली होती. तिची आई, चांगुणाबाई, वर्षापूर्वी गेली. आईच्या अकरा साड्या, त्यांत बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायच्या दोन पांढऱ्या, एकावर एक रचून यशोधराने गोधडी शिवायला घातली होती. ती निम्मी झाली आणि अंगठा थांबला. आईची गोधडी अशी अर्धीच राहणार होती.

ही गोधडी तिने आणि शीलाने मिळून घातली होती. शीला म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी, परकरातल्या वयापासूनची मैत्रीण. चांगुणाबाईंनीच दोघींना शेजारी बसवून टाका शिकवला. त्यांचा एक नियम होता. गोधडीला टेप लावायची नाही, वितीने मापायची. आणि पहिली वीत ज्या हाताची, शेवटची वीतही त्याच हाताची. मध्येच हात बदलला की माप बदलतं आणि गोधडीची एक बाजू तोंड वाकडं करते. त्या नियमापायी म्हातारीने दोघींचे हात तपासले होते. यशोधराचा हात धांदरट, कधी आखडता, कधी सैल. शीलाचा मात्र कुठेही ठेवा, वीत तेवढीच. "हिचा हात बदलत नाय," चांगुणाबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून शिवायचं दोघींनी आणि मापायचं शीलाने, हे ठरूनच गेलं. यशोधराला त्याचा कधी हेवा वाटला नाही. उलट ती बायकांना कौतुकाने सांगायची, की आमच्या शीलाचा हात म्हणजे सरकारी पट्टी.

मशीन घ्यायचं डोक्यात आलं तेही शीलाशी बोलतानाच. दोघी उल्हासनगरच्या बाजारात गेल्या. शिलाई मशीनचा दुकानदार मंघनमल, वयाने मोठा, बोलायला गोड, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. त्याने आधी घरगुती मशीन पुढे केलं. यशोधराने पिशवीतून सात थरांचा तुकडा काढला आणि सुईखाली घातला. सुई कशीबशी गेली, पण मशीनच्या पोटातली जागा एवढीशी, की सबंध गोधडी गुंडाळून आत कोंबायची म्हटली तर मशीनचाच जीव गेला असता. दुसरं होतं ते चौकटीचं. गोधडी पलंगाएवढ्या चौकटीवर ताणायची आणि उभं राहून दोन मुठी धरून मशीनच तिच्यावरून फिरवायचं. यशोधराने मूठ धरली आणि अंगठ्याने तिला तिथल्या तिथे बसवलं. शिवाय तेवढी चौकट घरात मांडली असती तर तिच्या नवऱ्याला, सुदामला, जिन्यावर झोपावं लागलं असतं.

तिसऱ्या फेरीला मंघनमल दोघींना मागच्या गोदामात घेऊन गेला. बंद पडलेल्या कुठल्यातरी एक्स्पोर्ट कंपनीचं मशीन होतं. बसून चालवायचं. लांबलचक हात, त्याच्या खालून अख्खी गोधडी सरकेल एवढी मोकळी जागा, आणि मशीनच्या बरोबरीने सपाट पसरलेली टेबलाची अखंड फळी. कापड ओढणारे दात त्याला नव्हतेच. सुई जागच्या जागी वरखाली होणार, आपण तळहात पसरून कापड हवं तिकडे सरकवायचं. यशोधरा स्टुलावर बसली. दोन्ही तळहात कापडावर ठेवले, पाय दाबला. मशीन गुरगुरलं आणि सात थर लोण्यासारखे सरकू लागले. अंगठ्याला यात कामच नव्हतं.

तिने पाय उचलला, मशीन थांबलं. मग तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. शीलानेही तिच्या शेजारी टेकून एक ओळ शिवून पाहिली. मग दुसरी. यशोधराला आठवतं, तिसरीही शिवली.

"ओळ वळते त्या मोडवर एक टाका लांब पडतोय बघ," यशोधरा तुकडा उजेडात धरून म्हणाली. "दर मोडवर. एकच."

"ठीक कर दूंगा, ताई," मंघनमल म्हणाला.

"राहू द्या. माणसाला खोड असते, मशीनला नको?"

आता प्रश्न घरी न्यायचा. यशोधरा वरच्या मजल्यावर राहायची. जिना बाहेरून, लोखंडी, मध्ये एक मोड, डोक्यावर पत्रा. मशीन सुटं करता येत होतं, पण फळीचा तुकडा होत नव्हता. आणि पत्र्यामुळे ती उभी करून नेणंही जमणार नव्हतं. मंघनमलने खिशातून टेप काढली. "नाप लो ना, ताई. बाद में झंझट नको."

"टेप ठेवा खिशात," यशोधरा ऐटीत म्हणाली. "आमची शीला आहे."

शीलाने हात टाकला. यशोधरा शेजारी उभी राहून मोजत गेली. एक, दोन, तीन. नऊ वीत भरली.

घरी येऊन जिन्याचा मोड मापला. तोही शीलानेच, कारण यशोधराचा अंगठा ताणत असता तर एवढं रामायण झालंच नसतं. कठड्यापासून भिंतीपर्यंत आठ. शीलाने पुन्हा मापलं. पुन्हा आठ.

"नाय जात गं, यशे," शीला खाली बसत म्हणाली. "एक वीत मार खाल्ला."

यशोधरा त्या पायरीवर बसून रडली. शीलाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, वर जाऊन स्वतः चहा केला, कपात ओतून हातात दिला. दुसऱ्या दिवशी यशोधराने फोन करून मंघनमलला नाही म्हणून कळवलं. त्यानंतर शीलाचं येणं कमी झालं. किर्तीकडे असते, म्हणायची. किर्ती ही तिची मुलगी, नुकतीच खरवईला नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला गेलेली. जावयाची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे शीलाला मुलीचा घोर असणं यशोधराला पटत होतं. तिने कधी वाकडं मनात आणलं नाही. आणायला हवं होतं.

उन्हाळ्यात खरवईलाच सुदामच्या भाचीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. त्रिशरण म्हणून झालं, नाव ठेवलं, पेढे फिरले. बाळाला यशोधराच्या मांडीवर दिलं. बाळाखाली नवीकोरी गोधडी होती, निळी आणि पिवळी. सवयीने तिचा हात आधी गोधडीवर गेला, मग बाळावर. मशीनचा टाका होता, बारीक, एकसारखा. चांगलं काम आहे, असं तिच्या मनात आलंसुद्धा. मग बोट मोडवर आलं. एक टाका लांब होता. पुढच्या मोडवर पुन्हा एक. तिने बाळाला हळूच कडेवर घेतलं आणि चारही बाजू पाहिल्या.

"कुणी शिवली गं?"

"शीलामावशीच्या किर्तीने," भाची म्हणाली. "लय भारी मशीन आणलीय तिने. तुम्हाला म्हाईत नाय?"

यशोधराने बाळ परत दिलं. पेढा ताटलीतच राहिला. किर्तीची बिल्डिंग मागच्या रस्त्यालाच होती, दहा मिनिटांची वाट. भर दुपारी ती डोक्यावर पदरही न घेता निघाली. वाटभर ती स्वतःची समजूत घालत होती. दुसरी मशीन असेल. अशी खोड दुसऱ्या मशीनलाही असू शकते. केसाने गळा कापायला कुणी परकी थोडीच होती शीला, तिच्या आईच्या ताटात जेवलेली पोर होती.

दार उघडंच होतं. खिडकीशी ते मशीन होतं. तोच लांब हात, तीच अखंड फळी. किर्ती स्टुलावर बसली होती आणि शीला खाली बसून थर जुळवत होती.

किर्तीचा चेहरा फुलला. "मावशी, या ना. आई बोलली, तुम्हीच पसंत केली ही मशीन. तुमच्या जिन्यात अडकली म्हणून आमच्या नशिबात आली. बसा, चालवून बघा."

पोरीला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. यशोधराला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं. तिने शीलाकडे पाहिलं. शीला सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा काही केल्या ओवला जात नव्हता.

"शीले, ऊठ," यशोधरा म्हणाली. "फळी माप."

"आता कशाला?"

"माप."

किर्ती दोघींकडे आळीपाळीने पाहू लागली. शीला उठली. पदराला हात पुसला. फळीच्या कडेला अंगठा टेकवला आणि करंगळी लांबवली. हात पूर्ण ताणला, चांगुणाबाईंच्या समोर ताणायची तसा. यशोधरा शेजारी उभी राहून मोजत गेली, दुकानात मोजली तशीच. पाचव्या वितीपर्यंत शीलाची मान खाली गेली होती. सातवी वीत पडली तेव्हा फळी चार बोटं उरली.

सात वीत, चार बोटं.

दुकानात नऊ झाली होती. यशोधराच्या डोळ्यांसमोर ते गोदाम उभं राहिलं. फळीवर टाकलेला तो हात, बोटं किंचित आत घेतलेली, करंगळी जरा मुडपलेली. तिने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि दिसलं नव्हतं, कारण शीलाच्या हाताकडे संशयाने बघायची तिला सवयच नव्हती. आणि जिन्यात हाच हात पुरा ताणून टाकला होता. दोनदा.

"तिचं घर कसं चाललं असतं, यशे?" शीला खाली बघतच म्हणाली. "जावई बसून आहे. तुझा सुदाम तरी कामाला जातोय. मशीन एकच होती. तुझ्याकडे मागितली असती तर तू काय…"

"दिली असती," यशोधरा म्हणाली. "तुला नाय म्हाईत? मी स्वतः टेम्पोत बसून इथं आणून टाकली असती. आणि रोज येऊन पोरीला शिकवलं असतं."

किर्ती स्टुलावरून उठली होती आणि मशीनपासून दूर, भिंतीला टेकली होती.

यशोधरा दाराशी पोचली तेव्हा शीला मागून म्हणाली, "आईची गोधडी दे आणून. एका दुपारीत होईल. मी स्वतः बसून करीन."

यशोधराला आतापर्यंत राग आला नव्हता, तो आत्ता आला. सगळं घेतलं आणि आता आईही हवी. ती चालायला लागली.

घरी पोचून आधी तिने जिन्याच्या मोडवर उभं राहून पाहिलं. आठ वीत जागा होती, शीलाच्याच हाताची. फळी कठड्याला न घासता वर आली असती.

संध्याकाळी सुदाम कारखान्यातून आला तेव्हा खोलीभर आईची गोधडी पसरलेली होती. यशोधरा मधोमध बसून ब्लेडने टाके उसवत होती. ज्या ज्या ओळी शीलाच्या मापावर टाकल्या होत्या त्या सगळ्या, म्हणजे अर्धी गोधडी. आईने आखून दिलेला नियम तिला मोडायचा नव्हता. हात बदलला की पहिल्यापासून सुरुवात. शेवटची ओळ सुटली तशा अकरा साड्या पुन्हा सुट्या झाल्या. पांढऱ्या दोन तिने वेगळ्या काढून मांडीवर घेतल्या.

मग साड्या पुन्हा रचल्या आणि स्वतःचा उजवा हात कडेवर टाकला. अंगठा अर्ध्यातच थांबला. तिने जोर केला, तशी कळ खांद्यापर्यंत गेली. दुसऱ्यांदा टाकला, तर वीत पहिलीपेक्षा आखूड पडली. तिसरी आणखी वेगळी. सुदाम चहाचा कप हातात धरून दारातच उभा होता. त्याला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, पण शीलाचं नाव काढायचं नाही एवढं तो समजला होता.

"तुझ्या ब्लाउज शिवायच्या डब्यात टेप आहे," तो चाचरत म्हणाला. "पण तुमच्यात चालत नाय ना गोधडीला."

यशोधराने आपल्या हाताकडे पाहिलं. मग गोधडीच्या रिकाम्या कडेकडे.

"दे," ती म्हणाली.