रितिकाचा पासपोर्ट, सासूच्या कपाटात

"रितू, हा दुसऱ्याच्या हाती देऊ नको वं. नवऱ्याच्याही नाही," नागपूरच्या विमानतळावर तारामावशी माझ्यावर बोट ठेवून म्हणाली होती.

रितिका हसली. "मावशी, तुझं आपलं काहीतरीच! ते काय परके आहेत?"

मित्रांनो, मी तिचा पासपोर्ट. निळं कव्हर, वर सोनेरी सिंह. माझ्या पानावर पहिला ठप्पा पडला तेव्हा काय ऐट होती माझी! माझ्याशिवाय तिला कुठलंच दार उघडत नव्हतं.

आखातात पोहोचल्यावर तिथे नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याने, विक्रमने, मला आपल्या बॅगेत टाकलं. पुढे रितिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, नरखेडला, असं आधीच ठरलं होतं. पण विक्रम एकटाच नागपूरला आला आणि मला आईच्या लोखंडी कपाटात ठेवून परत गेला.

तेव्हापासून मी इथेच. वर शालूंची चळत, बाजूला डांबराच्या गोळ्या, आणि किल्ली सासूच्या कमरेला. दाराच्या फटीतून दिसतं थोडंच, ऐकू मात्र सगळं येतं.

"पासपोर्ट हाती आला का ते उडालीच समज," सासू, म्हणजे प्रेमिलाबाई, मुलाला फोनवर सांगत. "डिलिव्हरी तिथंच होऊ दे. माहेरी काय सोनं लागलं आहे?"

एकदा रितिकाचे वडील नत्थूजी संत्र्यांची टोपली घेऊन आले. कपाटासमोरच बसले.

"विहीणबाई, सातव्या महिन्यात पोरीले आणाव म्हणतो. मग विमानात घेत नाहीत म्हणते."

"आणा ना! मी काहून नाही म्हणू? तिलेच तिथं करमून राहिलं."

 नवऱ्याने पासपोर्ट काढून घेऊन सासूकडे ठेवलाय, हे लेकीने नत्थूजींना फोनवर रडत सांगितलं होतं. पण मुलीकडच्या माणसाने व्याह्यांच्या घरी असं तोंड वर करून विचारायचं कसं? त्यांनी चहा घेतला, हात जोडले आणि उठले. मी आतून ओरडत होतो, "मी इथे आहे, विचारा ना!" पण पासपोर्टला कुठला आवाज?

मग एका दुपारी विक्रमचा फोन आला. "आई, ती आपल्या दूतावासात गेली! त्यांनी तिला घरी परतायचा तात्पुरता कागद दिला. उद्याचं विमान आहे तिचं."

"असा कसा देतात? पासपोर्ट तर माह्या कपाटात आहे!"

"तेच तर सांगितलं तिनं त्यांना!"

रितिका सुटली. तो कागद निघाला त्याच दिवशी मी रद्द झालो. नरखेडला मुलगी झाली म्हणतात. मी काही ते बाळ पाहिलं नाही. आता मला कुणी बाहेर काढणारही नाही. पण त्याचं दुःख कमी. दुःख त्या चहाचं आहे, जो पिऊन एक बाप न विचारताच उठला.

मित्रांनो, तुमची ताई, आत्या, शेजारची कुणी दूर देशी असेल, तर आज मोठ्यांना तिला फोन लावायला सांगा. परक्या देशात आपला दूतावास असतो, तिथे नागरिकांसाठी मदतीचा नंबर असतो, तोही तिला द्या. ती "बरी आहे" म्हणाली तरी फोन लगेच ठेवू नका. जवळ ऐकणारं कुणी आहे का, ते आधी विचारा. असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा लावा.