उतरलेला ताप

जरा पुढे सरका, मंडळी, असे कोपऱ्यात नका बसू. दोन घटका कान द्या. उंच डोंगरातल्या सोंग-कोल तळ्याकाठच्या, मेंढपाळांच्या कुरणावरची एक गोष्ट सांगते, मन लावून ऐका.

"ताप उतरला गं बाई!" सोनुन आपा लोकरी तंबूच्या दारातच हसत उभी होती. "कालपासून भट्टीसारखी तापलेली माझी सून आता कशी गार पडलीय बघ. चहा घे नि जा माघारी. उगाच घोडं दमवलंस."

बुर्माकानने चहा घेतला नाही. अठ्ठावीस वर्षं ती या कुरणांवर आरोग्यसेविका होती, आणि चहाला नाही म्हणायची तिची ही फार तर तिसरी वेळ.

आत बेगिमाय मेंढीच्या कातड्यांखाली पडली होती. बाळंत होऊन सहावा दिवस. अंगात थंडी शिरली असं समजून सासूने तिला चरबीचा गरम रस्सा पाजला होता. बुर्माकानने हात धरला. ओला, गार. नाडी इतकी पळत होती की मोजताना जीभ अडखळावी. गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटलेली. श्वास डोंगर चढून आल्यासारखा.

"बेगिमाय, मी कोण गं?"

"घोडी... घोडी बांधा," ती पुटपुटली.

"लघवीला कधी गेली होती?"

"काल सकाळी," सासू म्हणाली. "एवढा घाम गेला, मग होणार कुठून?"

रक्तदाबाचा काटा सत्तरवरच लटपटत होता.

"आपा, हा ताप उतरलेला नाही. अंगातलं बळ सरलंय. जंतू रक्तात शिरलेत."

"म्हणजे माझ्या रश्शातून?"

"रश्शाला कोण नावं ठेवतंय! लांडग्यावर सोडलेली कुत्री पिसाळून आपल्याच मेंढ्या फाडू लागली तर? तसं झालंय. लढता लढता हिचं अंग स्वतःवरच उलटलंय. मूत्रपिंडं थकली, डोकं भरकटलं, आता काळीज राहिलंय. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची. आत्ता!"

"चाळीस दिवस व्हायचेत! त्याआधी बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. तू पुस्तकं वाचलीस, मी दहा बाळंतपणं केलीत."

"केलीस ना? मग तिच्या पावलांना हात लावून तूच सांग."

म्हातारीने कातडं उचललं आणि बर्फासारखी गार पावलं दोन्ही हातांत धरून ठेवली. बुर्माकानने तेवढ्यात सुई टोचली, सलाईन लावून बाटली तंबूच्या दांडीला टांगली. तिचे कान मात्र सासूकडेच होते. बोल गं बाई, बोल लवकर!

"समत!" सोनुन आपाने लेकाला हाक मारली. "ट्रक काढ. आणि तंबूच्या मागच्या अंगाचे लोकरी नमदे सोड."

"आई, घर उघडं पडेल!"

"पडू दे! ट्रकला आतून लाव. घरच सोबत जातंय म्हटल्यावर उंबरठा ओलांडला कुठे?"

बाळ शेजारणीच्या छातीशी ठेवून ट्रक निघाला. साडेतीन तासांचा घाट. बुर्माकान एका हाताने बाटली उंच धरून होती, दुसऱ्याने नाडी. देवा, एवढं वळण. आता एवढं. समत हळू चालवी तेव्हा ती ओरडे, जोरात चालवी तेव्हाही ओरडे.

"एजे, अहो ताई, एक काहीतरी सांगा!" समत वैतागला.

"गप चालव!"

दवाखान्याच्या दारातून बेगिमायचा चाकांचा पलंग आत गेला. सोनुन आपाने बुर्माकानची बाही धरली. "वाचेल ना गं?"

"खोटं नाही बोलणार, आपा. एकेक तास मोजायचा." तिचा वर धरलेला हात काही केल्या खाली येईना, तो समतने हळूच खाली आणला.

दवाखान्यातल्या अकराव्या दिवशी बेगिमायने बाळाचं नाव घेतलं. मूत्रपिंडं जागी झाली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र काळी पडून गेली. ती उठून बसली आणि वेणी घालू लागली. केस बोटांतून निसटत. पुन्हा धरी, पुन्हा निसटत. सोनुन आपा मागे बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. सुनेने मदत मागितली नाही, म्हणून तिने ते पुढे केले नाहीत. वेणी अखेर झाली, वाकडीतिकडी.

"छान झालीय," सासू म्हणाली.

बुर्माकान हे पाहायला तिथे नव्हती. ती दुसऱ्या खोऱ्यात, कुणाच्या तरी दाराशी घोड्यावरून उतरत होती. आज प्रार्थनेला हात जोडाल, तेव्हा घटकाभर तिची आठवण काढा, मंडळी.