कच्चा राहिलेला पाव

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता लांब जात नाही. कीर्तनात बुवा दमले की मागचे टाळकरी सूर धरून ठेवतात. माझ्यामागे कोणी नाही, म्हणून हळूच सांगते. पण ऐकण्यासारखे आहे.

मी एक जुनी विहीर आहे. पाण्याची नव्हे, वाफेची. उत्तर आइसलँडच्या लाव्हाच्या माळावर, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी, माणसांनी मला दीड किलोमीटर खोल खणले. आत पोलादी नळ्या उतरवल्या. झडप पहिल्यांदा उघडली तेव्हा मी अशी गर्जले की मेंढ्या टेकडीपार पळाल्या. माझ्या वाफेवर जनित्र फिरले, खोऱ्यात दिवे लागले.

मग माझे कौतुक काय विचारता! केनियातून, इंडोनेशियातून, फिलिपाइन्समधून माणसे शिकायला येत. त्यांच्याही जमिनीखाली अशीच आग आहे आणि तीही वीज देते. इटलीत तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाफेवर पहिले चार-पाच दिवे पेटले, असे ते सांगत. पण हे सगळीकडे साधत नाही. धरणी जिथे आपली ऊब वर आणून देते, तिथेच साधते. देवाने ती आमच्या पदरात टाकली होती.

माझी राखण केटिल करी. चर्चमध्ये गाणारा माणूस. स्तोत्र गुणगुणतच फेरीला येई. त्याची थोरली बहीण स्वाव्हा माझ्यामागच्या ऊन मातीत राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या भिजवलेल्या पिठाचा डबा पुरून ठेवी. दुसऱ्या दिवशी काढला की आत काळसर, गोड पाव. पंचवीस वर्षे तो एकदाही बिघडला नाही.

पुढे विजेची मागणी वाढली. माझ्या शेजारी आणखी तीन विहिरी खणल्या आणि सगळ्यांची तोंडे सताड उघडी ठेवली. मी दमत चालले होते, मित्रांनो. पण विहिरीने कुणाला सांगावे?

एका सकाळी स्वाव्हाने डबा उघडला. पाव मधोमध कच्चा.

"पीठ पातळ झालं असेल," केटिल म्हणाला.

"मला पीठ शिकवतोस? तुला भरवून वाढवलंय मी. माती निवलीय, केटिल. हिला दम लागलाय."

ती तशीच डबा घेऊन वीजकेंद्राच्या प्रमुखाकडे, ग्रीमुरकडे गेली. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात.

"स्वाव्हा, दाब उतरलाय हे मलाही दिसतंय," ग्रीमुर म्हणाला. "पुढच्या महिन्यात सिमेंट भरून तिला बंदच करतोय. नवीन खणू."

"म्हातारी झाली की पुरायची होय? मग आधी मला पूर." तिने एक काप त्याच्यापुढे ठेवला. "खा."

त्याने खाल्ला. पीठ टाळूला चिकटले.

"आता हा कच्चा पाव टाकून देशील," ती म्हणाली, "की परत उबेला ठेवशील?"

"पण ती पुन्हा भरेल कशावरून?"

"भरेल की नाही, मला ठाऊक नाही. दमलेल्याला आधी बसू तर दे."

ग्रीमुरने सिमेंट थांबवले. केटिलने माझी झडप एका झटक्यात मिटली नाही. पोलाद एकदम गार पडले तर आकसून तडकते, म्हणून तो बारा दिवस रोज थोडी थोडी फिरवत राहिला. शेजारणींचीही तोंडे अर्धी मिटली. गावाने दोन हिवाळे हातचे राखून दिवे लावले.

दुसऱ्या हिवाळ्यात स्वाव्हा गेली.

काल केटिलने तिचाच डबा माझ्यामागे पुरला. आज काढला. कापून लोणी लावले. मधोमधसुद्धा नीट भाजला होता.

"झाला गं," तो कुणाला तरी म्हणाला, आणि एक काप माझ्या झडपेवर ठेवून निघून गेला. आज त्याने स्तोत्र म्हटले नाही.

मित्रांनो, मी अजून थकलेलीच आहे. उद्या मला पुन्हा उघडतील. मी देईन, जेवढे झेपेल तेवढे. तुम्ही घरी दिवा लावाल तेव्हा माझे नाव नाही घेतलेत तरी चालेल. कच्चा पाव हातात घेऊन दमलेल्यासाठी भांडायला गेलेल्या स्वाव्हाची मात्र आठवण काढा.