पहारा

ती दातांची डॉक्टर. दर रविवारी समुद्रात बुडी मारायची, आणि गेले पाच आठवडे खडकातल्या एकाच बिळापाशी जायची. तिथे एक ऑक्टोपस मादी आपल्या अंड्यांच्या झुपक्यांवर पहारा देत बसली होती. खाणंपिणं सोडून, दिवसेंदिवस फिकट पडत. घरी हे कौतुकाने सांगितलं, तशी धाकट्या दिराने भुणभुण लावली, "वहिनी, मलाही दाखवा ना!" तिने नेलं.

बिळापाशी पोचताच दिराने कॅमेरा तिच्या हातात कोंबला, आत हात घातला आणि मादीला ओढून बाहेर काढलं. ती त्याच्या मनगटावर धडपडत होती, आणि तो फोटो काढा म्हणून खुणा करत होता. तेवढ्यात माशांचं टोळकं बिळावर तुटून पडलं. डॉक्टरने कॅमेरा सोडून बिळाचं तोंड तळव्यांनी झाकलं, पण मासे बोटांच्या फटींतून आत शिरले.

बोटीवर दीर फुरंगटून म्हणाला, "एक फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं?"

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. मादी परतली होती. बिळाच्या छताला लोंबणाऱ्या, अंड्यांच्या तुटक्या देठांवर ती पाण्याचा झोत सोडत होती, अंडी असताना सोडायची तसाच.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "पिल्लं निघाली का गं तुझ्या ऑक्टोपसची?"

"सगळी निघाली," तिच्याआधी दिरानेच सांगितलं, आणि ताट पुढे केलं. "वहिनी, वाढता ना?"

तिने वाढलं.